आक्काची शपथ आणि कूलरमधली खार

पैठण
२० मार्च २०२५

चि. कारभारीस आक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र बद्रीनाथ कंडक्टरनं काल दुपारच्या गाडीनं आणून दिलं. पण तू काय लिहिलंस ते मला निम्मंच कळलं. अक्षर बारीक काढू नको म्हणून किती वेळा सांगायचं? एका ओळीत चार शब्द बसले तरी चालतील. वर्कशॉपातून रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी कागद वाचवायची तुझी खोड जात नाही.

खबर अशी की डोळ्याची तारीख लागली. सात एप्रिल, सोमवार. तुमच्याच संभाजीनगरच्या दवाखान्यात, जिथं माझा शिवराज मला दाखवायला घेऊन आला होता. डॉक्टर भला माणूस. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यानं सगळं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून समजावलं. मोतीबिंदू दोन्हीकडं पिकलाय, उजवा आधी करू, आता थांबू नका, असं लिहिलं. नंतर महिनाभर धूळ नको आणि डोळ्यात घाम जायला नको. आमच्या दारापुढं पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवलाय, भाकरीवरसुद्धा धुरळा बसतो. म्हणून तो महिना मी तुझ्याकडं काढते. मधल्या खोलीत मला जागा कर, आणि दसऱ्यानंतर माळ्यावर चढवलेला कूलर तेवढा खाली काढून ठेव.

खरं सांगते कारभारी, मला भ्या वाटतंय. कान गेले तेव्हा मी म्हटलं जाऊ दे, लोकांचं ऐकायची कटकट गेली. तू जे बोलतोस ते मला कागदावर ऐकू येतंच. पण डोळे बी गेले तर तुझं बोलणं कुठून ऐकू?

सुरेखाला सांग माझ्यासाठी निराळं काही करू नको. फक्त भाजीत मीठ बेतानं.

तुझी
आक्का


पुंडलिकनगर, छ. संभाजीनगर
२३ मार्च

ती. आक्कास कारभारीचा साष्टांग नमस्कार.

बघ, ओळीत चारच शब्द. आता हे पत्र वाचायला तुला अख्खी दुपार लागंल, मग म्हणू नको की भाऊ थोडक्यात आटपतो.

तू येतेस म्हटल्यावर मला दम निघंना. लगेच शिडी लावून माळ्यावर चढलो. कूलरवरची चादर ओढली तर आतून एक खार सुसाट माझ्या खांद्यावरून गेली. मी शिडीवरून पडता पडता वाचलो. खालून सुरेखा म्हणते, "तिला काही लागलं नाही ना?" माझी फिकीर कुणालाच नाय.

पण आक्का, काय कारागिरी गं! कूलरच्या मागच्या बाजूचं गवत मी दसऱ्याला बदललं नव्हतं, म्हटलं अजून एक उन्हाळा निघंल. तेच गवत त्या बाईनं कुरतडून गोल गोल वळलंय. आतून कापूस, सुतळीचे तंतू, सुरेखाच्या शिलाईतल्या चिंध्या. लाल चिंध्या जास्त, पसंतीनं निवडल्यावानी. तेहतीस वर्षं मी वर्कशॉपात गाड्यांच्या सीटा भरणारे लोक बघितले, इतकं एकसारखं भरणारा एक बी नव्हता. आत जायची वाट दोन बोटांची. वरच्या झरोक्याची एक काच फुटकी आहे, तिथून आत, मग माळ्याच्या कडेकडेनं कूलरच्या मागं. मांजराला ह्या रस्त्याचा पत्ता लागायचा नाय. मी तर अर्धा तास शिडीवरच उभा राहून बघत होतो.

पण घर आपलं आहे, तिला दुसरं शोधावं लागंल. पाडवा झाला की झरोका बंद करतो आणि कूलर खाली घेतो. तू बिनघोर ये.

तुझा
कारभारी


पैठण
२६ मार्च

चि. कारभारीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. हसू आलं आणि नंतर आलं नाही.

तू आठ वर्षांचा होतास. गोठ्याच्या वळचणीतलं खारीचं घरटं काठीनं पाडलंस, आठवतंय? आत पिल्लं होती. तू पळून गेलास, मी गोळा करायला गेले तोवर काही उरलं नव्हतं. ती खार तीन दिवस वळचणीला येऊन ओरडत होती. तेव्हा माझे कान चांगले होते, कारभारी. आता सगळे आवाज गेले, आईचा आवाज बी आठवत नाही, पण ते ओरडणं अजून कानात आहे.

म्हणून सांगते. आत पिल्लं नसतील तर खुशाल काढ. पण पिल्लं असतील तर तू त्या घरट्याला हात लावायचा नाहीस. तुला माझी शपथ आहे.

सुरेखाच्या चिंध्या खारीला पसंत पडल्या म्हणायच्या. कुणाला तरी पडल्या.

आक्का


पुंडलिकनगर
२ एप्रिल

ती. आक्कास नमस्कार.

दवाखान्यातून फोन आला होता. डॉक्टर अचानक गावाला चाललेत. सात तारीख रद्द झाली. नवी कळली की कळवतो, घाई करू नको. इकडं सगळं ठीक. ऊन लई आहे.

कारभारी


पैठण
९ एप्रिल

कारभारी,

हे पत्र लिहायला मला अख्खा दिवस लागला. ओळी कुठं चालल्यात ते दिसत नाही. एकावर एक चढल्या असतील तर जुळवून घे.

आमच्या गल्लीतल्या रामकिसनची आई सोमवारी, सात तारखेला, त्याच दवाखान्यात त्याच डॉक्टरकडून डोळा करून आली. काल तिनं मला भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं. लांबून. मी तिला विचारलं, डॉक्टर गावाला गेले नव्हते का? तिनं हातानंच सांगितलं, नाही.

तू खोटं बोललास. तुझं पत्र एवढुसं होतं आणि खारीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. तुझं पत्र आणि तीन ओळींचं?

मी रात्रभर विचार केला. तू असा नाहीस. म्हणजे घरात कुणाला तरी मी नको आहे. सुरेखाला महिनाभर माझं करायचं जड जात असेल तर तसं लिही, मी शिवराजला दुसरीकडं बघायला सांगते. तिला दोष देत नाही. मी काही गोड नणंद नव्हते. पण माझं माहेर म्हणजे तू राहतोस ते घर, दुसरं मला कुठलं आहे? ते संपलं असेल तर मला मोठ्या अक्षरात लिहून कळव. डोळे आहेत तोवर वाचते.

भागूबाई


पुंडलिकनगर
१६ एप्रिल

ती. वन्संना सुरेखाचा नमस्कार.

अडतीस वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही. तुमची पत्रं ह्यांच्या नावानं यायची. हे वाचायचे, मला "आक्का बरी आहे" एवढं सांगायचे आणि डब्यात ठेवून द्यायचे. त्यामुळं मला सवय नाही. काही चुकलं तर पदरात घ्या.

आधी कामाचं सांगते. तुमच्या डोळ्याची तारीख एकवीस एप्रिल, सोमवार. मी स्वतः दवाखान्यात जाऊन घेऊन आले आहे. डॉक्टर कुठंही गेले नव्हते. सात तारीख तुमच्या भावानं फोन करून रद्द केली. मलाही त्यांनी डॉक्टर गावाला गेले असंच सांगितलं होतं. तुमचं नऊ तारखेचं पत्र आलं तेव्हा हे ते हातात धरून भिंतीकडं तोंड करून बसले. जेवायला उठेनात. मग मी ते पत्र त्यांच्या हातातून काढून वाचलं. तुमचं पत्र मी वाचलं ते पहिल्यांदाच.

झालं असं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खार बाहेर गेलेली बघून ह्यांनी झरोक्याला जाळी ठोकली. तुमची शपथ त्यांच्या ध्यानात होती, पण आतून आवाज येत नाही म्हणजे पिल्लं नाहीत असं त्यांनी धरलं. मग कूलर उचलायला गेले तर आतून चूं चूं. आणि बाहेर ती खार जाळीला लटकून दातांनी तार कुरतडत होती. वन्सं, तिच्या तोंडातून रक्त यायला लागलं तरी ती सोडेना. एवढासा जीव, आमच्या मुठीत मावेल, आणि लोखंडाशी भांडत होती. ह्यांना पक्कड समोर होती ती दिसेना, तर हातानंच जाळी उपटली. बोटाला तीन टाके पडले. म्हणून पत्र छोटं होतं. अक्षर बारीक होतं ते मात्र त्यामुळं नाही. खोटं लिहिताना ह्यांचं अक्षर बारीकच येतं.

तेव्हापासून मधल्या खोलीत पंखा लावायचा नाही, दार आपटायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. हे स्वतः उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसायचे. मी म्हटलं, एवढी सेवा माझ्या दोन बाळंतपणांत झाली नव्हती. माळ्यावरून दिवसभर गवताचा भुसा आणि लेंड्या खाली पडत होत्या. तसल्या खोलीत डोळा केलेलं माणूस ठेवता येत नाही, बाहेरच्या खोलीत दुपारपासून भिंती तापतात, आणि तुमच्या शपथेमुळं खारीला हलवता येत नाही. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पिल्लं मोठी होऊ दे, माझ्या डोळ्याचं पुढं बघू. म्हणून ह्यांनी डॉक्टरला गावाला धाडलं.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, "शपथ तुम्हाला घातली होती. मला कुठं घातली?"

हात मी पण लावला नाही. लेकरं हलवायची तर ती आईनंच हलवावीत. मांजर नाही का, एका घरात जीव रमेना की तोंडात पिल्लू धरून दुसरीकडं जाते. आपण फक्त तिला इथं चैन पडू द्यायची नाही आणि जवळच एक चांगलं घर दाखवायचं. झरोक्यासमोर कडुनिंबाची फांदी आहे. तिच्यावर एक जुनं मडकं आडवं करून तारेनं घट्ट बांधलं. तुमच्यासाठी सावरीच्या कापसाची नवी उशी शिवून ठेवली होती, त्यातला दोन मुठी कापूस मडक्यात घातला. उशी जरा चपटी झाली आहे, आल्यावर दिसेल.

आता चैन कशी मोडायची? डबा बडवला असता तर ती भेदरून एखादं पिल्लू टाकून गेली असती. माणसाचा सारखा, एकसुरी आवाज पाहिजे. मला तर बोलायची सवय नाही, तुम्हाला माहीतच आहे. तेवढ्यात तुमच्या पत्रांचा डबा आठवला. तो माळ्यावरच होता. झाकण सैल होतं आणि खारीनं तीन-चार पत्रं कुरतडून घरट्यात नेली होती, म्हणून मी तो आधीच खाली आणून ठेवला होता. (हे सांगायला पण तुमचा भाऊ घाबरत होता.) माळ्याखाली स्टुलावर बसले आणि पहिल्या पत्रापासून मोठ्यानं वाचायला लागले. रोज दुपारी, ती पिल्लांपाशी आली की दोन तास.

पहिलंच पत्र आमच्या लग्नानंतरचं. "भावजय मुकी आहे का रे? चार दिवसांत चार शब्द बोलली." मी मोठ्यानं वाचलं. वरून खार शेपटी आपटत चिर्र चिर्र भांडायला लागली. मला बरं वाटलं, कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं. मग एक्याण्णव साली मीठ. ब्याण्णव साली परत मीठ. त्र्याण्णव साली मीठ आणि पोळ्या. हे दारात उभे राहून कपाळाला हात लावत होते. मी म्हटलं, आता मधे बोलू नका, खार हलली पाहिजे.

आणि तिसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव सालचं पत्र निघालं. जसं आहे तसं लिहिते. "कारभारी, सुरेखाला शिलाईचं मशीन घेऊन दे. तिचे हात रिकामे बसणारे नाहीत. माझं नाव सांगू नको, तिला वाटेल नणंद कामाला लावते."

वन्सं, तीस वर्षं मी समजत होते की मशीन ह्यांना सुचलं. त्या मशीनवर मी दोन लेकी शिकवल्या. मला घरात मान मिळाला तो त्या मशीनमुळं. मी ह्यांच्याकडं बघितलं, तर हे खाली बघायला लागले. मला पुढचं वाचता येईना. वर खार ओरडत होती, पुढं वाच म्हणत होती का बंद कर म्हणत होती, काय माहीत.

चौथ्या दिवशी मी नव्व्याण्णव सालापर्यंत आले होते. साडेबाराला ती झरोक्यात येऊन बसली. मडक्याकडं गेली, आत शिरली, बाहेर आली, परत आत. मग माळ्यावर आली आणि पहिलं पिल्लू तोंडात धरून निघाली. पोटाच्या कातडीला धरलेलं, आणि ते आईच्या मानेला मिठी मारून असं गुंडाळलेलं की तिनं गळ्यात काही घातलंय असं वाटावं. झरोक्यापासून फांदीपर्यंत हातभर अंतर आहे. तोंडात लेकरू घेऊन तिनं ते उडी मारून पार केलं. तीन वेळा. आणि मग, वन्सं, ती चौथ्यांदा रिकामी आली. घरटं सगळं हुंगलं, कोपरा न् कोपरा. तिला मोजता येत नाही, म्हणून कुणी राहिलं का ते बघायला आली. खात्री झाल्यावर गेली. मी हात जोडले. खरंच जोडले. हे दारात उभे राहून लहान लेकरासारखे रडत होते, म्हणाले, "आक्काला सांग, तिन्ही जगली."

जाळी लावली आहे. खोली दोनदा धुतली. कूलरला नवं गवत भरलं. रविवारी सकाळच्या गाडीनं या, आम्ही दोघं स्टँडवर येतो. तुम्ही मला नको आहात असं परत लिहू नका, माझ्या जिवाला लागलं.

मीठ बेतानं टाकायचा प्रयत्न करते. जमेल की नाही सांगता येत नाही.

तुमची
सुरेखा


पैठण
१८ एप्रिल

कारभारी,

तुझं काय करायचं ते समोर आल्यावर बघते. तीस वर्षं मशीनचं श्रेय खाल्लंस, पचलं कसं तुला? रविवारी सकाळच्या गाडीनं येते. सुरेखाचं पत्र शिवराजनं मला पाटीवर थोडं थोडं मोठं करून लिहून दाखवलं, चार वेळा पाटी पुसायला लावली. पाचव्यांदा तो कंटाळला.

तिला सांग, मीठ पाहिजे तेवढं टाक.

आक्का


पैठण
२८ मे

सौ. सुरेखास भागूबाईचा आशीर्वाद.

काल दुपारी सुखरूप पोचले. बद्रीनाथनं पुढची सीट धरून ठेवली होती. उजव्या डोळ्यानं इतकं लख्ख दिसतंय की आल्या आल्या घरातली जळमटं दिसली आणि शिवराज बेजार झाला.

तुला समोर सांगायचं होतं ते राहून गेलं. मला ऐकू येत नाही आणि तू बोलत नाहीस. महिनाभर आपण दोघी एकमेकींकडं बघून नुसत्या हसत बसलो. म्हणून लिहिते.

पट्टी काढून घरी आणलंस, तेव्हा मला पहिलं दिसलं ते खिडकीतून मडकं. मडक्याच्या तोंडाशी एक पिल्लू, पाठीवरचे पट्टे कालच ओढल्यावानी कोरे. त्याला आवाज असणार, मला आला नाही. पण सुरेखा, तुला सांगते, गोठ्यातल्या खारीचं ते जुनं ओरडणं मला त्या दिवसापासून आठवत नाही. आठवायचा प्रयत्न केला तरी येत नाही. अठ्ठावन्न वर्षांनी माझे कान शांत झाले.

दुसरं दिसलं ते तुझं तोंड. तुझ्या डाव्या भुवईवर वण आहे. अडतीस वर्षं माझं लक्ष कुठं होतं? कशाचा आहे ते पत्रात लिही.

मी अर्धं आयुष्य मागावर पैठणी विणली. धाग्याला ताण किती द्यायचा हे मला समजतं असा मला गर्व होता. लई ओढला तर तुटतो, ढिला सोडला तर वीण बसत नाही. तू त्या खारीला बरोबर तेवढाच ताण दिलास. एक पिल्लू सांडू दिलं नाहीस, माझा डोळा जाऊ दिला नाहीस, आणि त्या येड्याला माझी शपथ बी मोडू दिली नाहीस. तुझ्या हाताला तोड नाही. हे मी आधी लिहायला पाहिजे होतं, तेव्हा मीठ मीठ करत बसले. मीठ बरोबर असतं तुझं. महिनाभर खाऊन सांगते.

डब्यातली राहिलेली पत्रं वाचून काढ. दोन हजार तीनचं एक आहे, श्रावणातलं, ते वाचू नकोस. वाचलंस तर खारीला ऐकव, ती माझ्याशी भांडेल.

डावा डोळा दिवाळीनंतर करायचा म्हणतात. खोली तीच, उशी तीच. चपटीच राहू दे, मला तशीच लागते.

पाकिटावर तुझं नाव टाकलंय. बद्रीनाथला सवय नाही, तो कारभारीच्याच हातात देईल, तर तू स्वतः स्टँडवर जाऊन घे. कारभारीला वेगळं पत्र नाही. त्यानं विचारलं तर सांग, आक्का बरी आहे.

तुझी
आक्का